फळीवर अडकलेला पैसा

मुंबईच्या फोर्टातलं ‘स्ट्रँड बुक स्टॉल’ फेब्रुवारी २०१८मध्ये बंद झालं. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात मांडलेलं ते दुकान. शेवटच्या दिवसांत वाचकांनी तिथं गर्दी केली, आठवणींचे लेख आले. त्याआधी २०१२मध्ये पुण्याच्या कॅम्पातलं ‘मॅनीज’ मिटलं, तेव्हाही लोक असेच हळहळले. ही हळहळ खरी असते, पण दुकान मिटताना तिचा काही उपयोग नसतो. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बरीच वर्षं सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकखरेदीचं काम पाहतो. त्यामुळे दुकानाच्या काउंटरच्या दोन्ही बाजू जवळून बघायला मिळाल्या. त्यातून जे उमगलं ते सांगतो.

१. दुकानदाराचा पैसा गल्ल्यात नसतो, फळीवर असतो.

खपाऊ पुस्तक कुठंही मिळतं, एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरसुद्धा. दुकानाची खरी किंमत कळते ती सावकाश खपणाऱ्या पुस्तकांत. कवितासंग्रह, चरित्रं, अनुवाद, एखाद्या अभ्यासकाचा जाड ग्रंथ अशी पुस्तकं दोन-दोन वर्षं गिऱ्हाईकाची वाट पाहतात. काही प्रकाशक परतीच्या बोलीवर माल देतात, पण बराचसा रोखीनं किंवा थोड्या मुदतीच्या उधारीवर घ्यावा लागतो. म्हणजे तेवढे दिवस दुकानदाराचे पैसे त्या फळीवर अडकून राहतात.

विक्रेत्याला छापील किमतीवर साधारण २५ ते ४० टक्के कमिशन मिळतं. ३३ टक्के धरले तर ३०० रुपयांच्या पुस्तकामागे जेमतेम १०० रुपये सुटतात. त्यातून गाळ्याचं भाडं, वीजबिल, मदतनिसाचा पगार आणि पार्सलचा खर्च निघायचा. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, ही वाचकांसाठी चांगलीच गोष्ट. पण विकलेल्या मालावर कर नसल्यामुळे, जिथं गाळ्याच्या भाड्यावर जीएसटी लागतो तिथं तो भरलेला कर दुकानदाराला वळता करून घेता येत नाही. तो खर्च त्याच १०० रुपयांत बसवावा लागतो. हे गणित समजल्यापासून दुकानाला मदत करायची म्हणजे काय, या प्रश्नाचं माझं उत्तर एकच आहे: फळीवरचा पैसा फिरता ठेवायचा. पुढचं सगळं त्यातूनच आलं आहे.

२. मोबाइल पुढे करून सूट मागायची नाही.

त्या १०० रुपयांतून १० टक्के सूट दिली की ७० उरतात, २० टक्के दिली की ४०. काउंटरवर उभं राहून ‘ऑनलाइन एवढ्याला मिळतं’ असं म्हणणं म्हणजे त्या माणसाची दिवसाची कमाई मागणं आहे. दुकानदार आपल्या हिशेबानं सूट देतो ती गोष्ट वेगळी. शानभागांनी तर सवलतीवरच आपलं नाव कमावलं. पण ती त्यांनी स्वतः आखलेली रीत होती, कुणी आकडा दाखवून काढून घेतलेली नव्हती.

फ्रान्सनं १९८१ साली कायदाच केला. तिथं नव्या पुस्तकावर ५ टक्क्यांहून जास्त सूट देता येत नाही, मग विकणारी कंपनी केवढीही असो. त्यामुळे छोट्या दुकानाला किमतीच्या लढाईत उतरावंच लागत नाही. आपल्याकडे असा कायदा नाही. तो व्हावा असं मला मनापासून वाटतं. तोवर हा संयम गिऱ्हाइकानंच पाळायचा आहे.

३. पुस्तक नसेल तर मागणी नोंदवा, आणि आलं की उचला.

सगळ्यांत जास्त उपयोग याचा होतो, आणि सगळ्यांत कमी लोक हे करतात. ‘नाही का? बरं,’ म्हणून माणूस पायरी उतरतो आणि रस्त्यातच फोनवरून मागवतो. त्या पुस्तकाला गावात गिऱ्हाईक आहे, ही खबर दुकानदारापर्यंत पोचतच नाही.

आमच्याकडचा बहुतेक माल पुण्याहून, अप्पा बळवंत चौकातून येतो. एका प्रतीसाठी पार्सल परवडत नाही, म्हणून दुकानदार गठ्ठा जमेपर्यंत थांबतो. डिसेंबर २०२४मध्ये टपाल खात्यानं पुस्तकांसाठीची सवलतीची नोंदणीकृत सेवा बंद केल्यावर एकेक प्रत मागवणं आणखी अवघड झालं. पुढे मे २०२५मध्ये ‘ज्ञान पोस्ट’ ही पुस्तकांसाठीची नवी टपालसेवा सुरू झाली, पण मधल्या काही महिन्यांत छोट्या प्रकाशकांची आणि विक्रेत्यांची चांगलीच ओढाताण झाली.

तेव्हा मागणी देताना पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव तर सांगाच, पण प्रकाशनाचं नाव आवर्जून सांगा. मराठी पुस्तकाचा माग त्यावरूनच लवकर लागतो. अर्धे पैसे आगाऊ द्या. जमलं तर ओळखीच्या चार-पाच जणांची यादी एकदम द्या, म्हणजे गठ्ठा लवकर भरतो. आठवडा लागेल, लागू दे. आणि पुस्तक आल्याचा फोन आला की दोन दिवसांत जाऊन घ्या. मागवून न उचललेलं पुस्तक दुकानदाराला फार जड जातं, कारण ते त्यानं स्वतःच्या अंदाजानं आणलेलं नसतं, आपल्या शब्दावर आणलेलं असतं.

४. वाचनालयानं गावातून खरेदी करावी आणि बिल वेळेवर चुकतं करावं.

महाराष्ट्रात १९६७च्या कायद्यामुळे सार्वजनिक ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळतं. अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे ते ठरतं. ते हप्त्यानं येतं, आणि खरेदीची घाई मार्चच्या तोंडावर होते. मग एखादा बाहेरचा पुरवठादार टेम्पो भरून येतो, भरघोस सूट देतो, आणि कपाटं न मागितलेल्या पुस्तकांनी भरतात. गावातल्या दुकानातून घेतलं तरी बिल अनुदानाच्या वाटेकडे डोळे लावून महिनोन्महिने पडून राहतं.

आमच्या समितीत यावर पुष्कळ वाद झाले. जास्त सूट म्हणजे जास्त पुस्तकं, हा मुद्दा खोटा नव्हता. शेवटी ठरलं ते असं: खरेदी वर्षभर थोडी थोडी करायची, वाचकांच्या मागणीवहीतून करायची, गावातूनच करायची, आणि बिल महिन्याच्या आत वर्गणीच्या पैशातून मिटवायचं. अनुदान आलं की ती रक्कम पुन्हा वर्गणी खात्यात. कपाटात येणाऱ्या पुस्तकांची संख्या थोडी घटली, पण बाहेर वाचायला जाणाऱ्यांची वाढली. दुकानदारालाही दर महिन्याला ठरावीक विक्रीचा भरवसा आला. अनुवादित कादंबऱ्यांची फळी त्यानं त्यानंतर लावली.

५. जून महिन्याला नाकं मुरडू नका.

‘आता तिथं नुसती गाईडं असतात’ असं म्हणणाऱ्या साहित्यप्रेमींना मी नेहमी थांबवतो. बालभारतीची पुस्तकं, वह्या, कंपासपेट्या, स्पर्धा परीक्षांचे संच यांवर दुकानाचं भाडं निघतं. ते निघालं तरच कवितेची फळी राहते. मुलांच्या वह्याही तिथूनच घ्या.

६. नकली प्रत विकत घेऊ नका.

पदपथावरची जुनी पुस्तकं वेगळी. तो सचोटीचा धंदा आहे आणि माझं निम्मं कपाट त्यातूनच आलं आहे. मी म्हणतो ते गाजलेल्या कादंबऱ्यांच्या चोरून छापलेल्या प्रतींबद्दल. पुसट छपाई, फिकट मुखपृष्ठ, एखाद-दुसरं गळालेलं पान ही त्यांची ओळख. तिथं लेखकाला मानधन नाही, प्रकाशकाला काही नाही, आणि गाजलेल्या पुस्तकांची विक्री दुकानातून निघून जाते. फळीवरच्या संथ पुस्तकांना तर तीच विक्री पोसत असते.

७. काय वाचू, हे दुकानदाराला विचारा.

एकदा माझ्यासमोर एक मुलगी आली. म्हणाली, “काका, बाबांचं ऑपरेशन झालंय, झोप लागत नाही त्यांना. काय देऊ वाचायला?” दुकानदारानं वडील काय काम करायचे, आधी काय वाचलंय, किती वेळ बसवतं, हे सगळं विचारलं आणि मोठ्या टायपातला एक कथासंग्रह काढून दिला. “एका बैठकीत एक कथा संपते. कादंबरी अर्धवट राहिली की जीव टांगणीला लागतो, झोप अजून लांबते.” पंधरा दिवसांनी ती त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक न्यायला आली.

गिऱ्हाइकाच्या घरची हकीकत ऐकून पुस्तक निवडून देणं हे शिकायला आयुष्य जातं. त्याचं वेगळं बिल तो लावत नाही. म्हणून सल्ला जिथं घेतला, तिथंच पुस्तक घ्यायचं.

८. दिवाळी अंक आधी सांगून ठेवा.

१९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’नं सुरू केलेली ही प्रथा आजही दुकानांना वर्षाअखेरीचा मोठा आधार देते. मात्र अंकाचं आयुष्य लहान असतं. तुळशीचं लग्न झालं की मागणी ओसरते आणि उरलेले अंक अंगावर पडतात. कुठल्या अंकाच्या किती प्रती मागवायच्या, हा दुकानदाराचा दरवर्षीचा मोठा जुगार. आमच्या वाचनालयात गणपती उठले की याद्या घ्यायला सुरुवात होते. प्रत्येकानं निदान एक अनोळखी अंक लिहायचा, आणि यादीसोबत पैसे भरायचे. घटस्थापनेच्या आधी ती यादी दुकानात पोचते आणि दुकानदार तिच्यावरून पुण्याला ऑर्डर लावतो.