कॅप टिकेल, पण समोरच्या दाढेचं काय?



दाढेचं रूट कॅनल झालं की डॉक्टर वर कॅप बसवायला सांगतात. खर्च अचानक उभा राहतो. मग कुणी गटातून अंतर्गत कर्ज घेतं, कुणी कांद्याचे पैसे हाती येईपर्यंत थांबतं. कॅप घेताना आपण दोनच गोष्टी विचारतो: किती पैसे आणि किती वर्षं टिकेल? तिसरा प्रश्न राहूनच जातो: या कॅपने समोरची चांगली दाढ झिजणार तर नाही ना? आजचा धडा या तिसऱ्या प्रश्नाचा आहे.

दाढ झिजते म्हणजे काय?

दातावरचं पांढरं कवच म्हणजे इनॅमल. आपल्या शरीरात याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही. पण मोडलेलं हाड जुळतं, जखम भरून येते. इनॅमल मात्र गेलं की पुन्हा येत नाही. दाढेवर ते जास्तीत जास्त दोन-अडीच मिलिमीटर जाड असतं. चावताना दाढेवर दाढ घासून ते वर्षाला साधारण 30 मायक्रॉन झिजतं, म्हणजे डोक्याच्या केसाच्या निम्म्या जाडीपेक्षाही कमी. एवढी झीज वयाबरोबर होणारच. पण समोर खरखरीत कॅप आली, तर हीच झीज भराभर होते. मग थंड पाण्याने, चिंचेने कळ येते आणि एका दाढेच्या कामातून दुसऱ्या दाढेचं काम निघतं.

कठीण की खरखरीत?

आपल्याला वाटतं, कॅप जितकी कठीण तितकी ती समोरची दाढ जास्त खाणार. पण आपलं जातं आठवा. झिजून गुळगुळीत झालेल्या जात्यात दळण नीट पडत नाही. मग त्याला टाकी लावून घ्यायची. दगड तोच, कठीणपणा तोच. फक्त अंगावर खरखर आली की दळायला लागतो. कॅपचंही तसंच आहे.

झिरकोनियाची कॅप इनॅमलच्या तिप्पट-चौपट कठीण असते. तरी ती चांगली पॉलिश केलेली असेल, तर समोरच्या दाढेला चिनीमातीच्या कॅपपेक्षा कमी झिजवते, असं तपासण्यांत दिसलं आहे. तीच झिरकोनिया खरखरीत राहिली, तर टाकी लावलेल्या जात्यासारखी वागते.

कॅपचे प्रकार

पूर्ण धातूची: समोरच्या दाढेशी सौम्य वागते, सहसा स्वस्त पडते. दिसायला धातूसारखी, म्हणून मागच्या दाढेला बरी. खोट्या दागिन्यांनी अंगावर पुरळ उठत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. काही कॅपच्या धातूत निकेल असतं.

आत धातू, वर चिनीमाती: दाताच्या रंगाची. वरची चकाकी गेली किंवा टवका उडाला, तर खालचा भाग खरखरीत असतो आणि समोरच्या दाढेला घासतो.

झिरकोनिया: मजबूत, दाताच्या रंगाची, पण महाग. पॉलिश मात्र नीट हवी.

प्लास्टिकची: तात्पुरती. ही स्वतःच झिजते. हिच्यावर वर्षं काढायची नाहीत.

दवाखान्यात काय करायचं?

1. कॅप बसवताना डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात. जिथे जास्त रंग उमटतो, तिथे कॅप उंच असते आणि ती घासून कमी करतात. घासलेली जागा खरखरीत होते. तेव्हा न लाजता म्हणा, "डॉक्टर, आता तिथे पॉलिश करून द्या." सगळ्या धड्यातलं हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे.

2. खुर्चीवरून उठण्याआधी कॅपवरून जीभ फिरवा. खरखर लागली किंवा दात मिटताना कॅप आधी टेकली, तर लगेच सांगा.

3. कॅप कशाची आहे ते बिलावर लिहून घ्या.

4. सकाळी जबडा दुखत असेल किंवा झोपेत दात खाण्याची सवय असेल, तर कॅप निवडण्याआधीच सांगा.

5. समोरच्या दाढेला कळ येऊ लागली, तिच्यावर सपाट किंवा पिवळा डाग दिसला, तर कॅप तपासून घ्या.

नाशिकला पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. दंत महाविद्यालयात शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात. खर्च सहसा कमी येतो, फेऱ्या मात्र जास्त होतात. सायखेड्याहून जाण्याआधी किती फेऱ्या लागतील ते विचारा; बसभाडं आणि बुडणारा रोजही हिशेबात धरा.

घरी काय करायचं?

मिसरी दात साफ करत नाही, घासून काढते. शिवाय त्यातल्या तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. भाकरीत कचकच लागली, तर पीठ बदला. आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश नको; पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास थांबा.

गटाच्या बैठकीत बोला

आपल्यापैकी किती जणींना कॅप आहे? ती कशाची आहे, हे किती जणींना माहीत आहे? समोरच्या दाढेला कुणाला कळ येते का? दाताच्या कामासाठी कर्ज मागणाऱ्या ताईला पैशांबरोबर वरचे पाच मुद्देही वाचून दाखवा. कॅप पुन्हा करून मिळते. समोरच्या दाढेचं कवच मिळत नाही.