आठ नंबरची सुई आणि नाणेघाटातली कुसळं

वैशाखऱ्याला एसटीतून उतरलं की समोर नानाचा अंगठा हा सुळका उभा दिसतो. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेज घाटाकडे जाणारी गाडी इथे थांबते. पाठीवर सॅक घेतलेली माणसं उतरतात, चहा घेतात आणि नाणेघाटाच्या वाटेला लागतात. कार्तिकातल्या एका रविवारी त्या माणसांत या लेखाची लेखिकाही होती. नव्या ट्रेकिंग बुटांच्या वर, पोटरीला वेढून, तिने विटकरी लोकरीचे कफ घातले होते. ते तिचं आयुष्यातलं पहिलं विणकाम होतं. पाच आठवडे, रोज रात्री जेवणं आटोपल्यावर ती ते विणत होती.

अर्ध्या तासात डाव्या पायाची बोटं बधिर व्हायला लागली. उजव्या पायातला कफ घसरून घोट्यावर गोळा झाला. आणि झाडी संपून गवताचा मोकळा पट्टा लागला तेव्हा दोन्ही कफांत इतकी कुसळं रुतली की लोकर दिसेनाशी झाली. ती एका दगडावर बसली, बूट काढले आणि दोन्ही कफ उतरवले. डाव्या पोटरीवर लाल वळ उठला होता.

त्या सकाळी जे जे बिघडलं त्यातलं बहुतेक पाच आठवड्यांपूर्वीच, पहिला टाका घालण्याआधी बिघडून गेलं होतं. नवशिक्यांनी हे आधी वाचलं तर त्यांचे पाच आठवडे वाचतील, म्हणून हा सगळा खटाटोप.

शर्टाच्या बाहीला मनगटाशी जसा कफ असतो, तसाच हा बुटाच्या गळ्याचा कफ. पाऊल नसलेला मोजाच म्हणा ना. खालचा चार बोटं रुंदीचा भाग बुटात जातो, वरचा भाग बुटावर दुमडून बसतो. बुटाची कड नडगीला घासत नाही, खडे आत जात नाहीत आणि थंडीत पोटरी ऊबदार राहते. बाळासाठी मोजे आणि टोपडं विणणाऱ्या आज्यांना हे काम दोन संध्याकाळींचं वाटेल. नवशिक्यासाठीही ते चांगलं, कारण त्यात टाच नाही, बोटं नाहीत, टाके कमी-जास्त करणं नाही. एक सरळ पट्टी विणायची आणि शिवून टाकायची. पण सोपं म्हणून मोजमाप सोडून चालत नाही, आणि लेखिकेने नेमकं तेच सोडलं होतं.

तिने परदेशी नमुना घेतला होता. त्यात लिहिलं होतं: आठ नंबरच्या सुया, ६० टाके. ती दुकानात गेली, आठ नंबरच्या सुया मागितल्या, दुकानदाराने दिल्या. दोघांचंही काही चुकलं नव्हतं. चूक त्या आकड्यात होती.

आपल्याकडे सुयांचे नंबर इंग्रजांकडून आले आणि इंग्रजांनी ते तारेच्या मापावरून घेतले होते. तार ओढून बारीक करताना ती एकामागून एक लहान भोकांतून जाते. जितके फेरे जास्त तितकी तार बारीक आणि नंबर मोठा. म्हणून आपली १४ नंबरची सुई २ मिलिमीटरची, १० नंबरची सव्वातीन मिलिमीटरची आणि ८ नंबरची ४ मिलिमीटरची. अमेरिकेत याच्या उलट आहे, तिथे नंबर वाढला की सुई जाड होते. अमेरिकेची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. नमुना अमेरिकेचा होता. इंग्लंडने १९७०च्या दशकात मिलिमीटर स्वीकारले, पण आपल्या दुकानांत जुने नंबर अजून चालतात. तेव्हा नमुना कुठलाही असो, मिलिमीटर शोधावेत. दुकानातही मिलिमीटरच मागावेत. सुईच्या डोक्यावर किंवा पाकिटावर बहुतेक वेळा दोन्ही छापलेले असतात.

एका मिलिमीटरने काय होतं? नमुन्यात १० सेंटिमीटरमध्ये १८ टाके बसायला हवे होते, म्हणजे ६० टाक्यांची रुंदी साधारण ३३ सेंटिमीटर. लेखिकेची सुई बारीक, लोकरही नमुन्यापेक्षा बारीक. तिचे १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके बसत होते. त्यामुळे ६० टाक्यांचा कफ भरला २५ सेंटिमीटर. तिची पोटरी ३६ सेंटिमीटरची. वळ तिथूनच उठला.

हे आधी कळलं असतं, नमुन्याचा तुकडा विणला असता तर. विणकामात या तुकड्याइतकं कंटाळवाणं काही नाही आणि त्याच्याइतकं उपयोगाचंही काही नाही. जी लोकर आणि जी सुई वापरणार तीच घ्यावी, ३० टाके घालावेत, एक ओळ सुलट एक ओळ उलट असं बारा-तेरा सेंटिमीटर विणावं. मग तो तुकडा धुवावा, पसरून वाळवावा आणि मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजावेत. कडेचे मोजू नयेत, ते ओढलेले असतात. धुण्याआधी मोजण्याचाही मोह होतो. पण काही लोकर पाण्यातून निघाल्यावर सैल पडते, काही आवळते, म्हणून धुतल्यानंतरचं मापच खरं.

त्यानंतर आपला पाय मोजायचा. बूट घालून, बुटाची कड जिथे संपते तिथे टेप फिरवावा. लेखिकेचा हिशेब दुसऱ्यांदा असा झाला: पोटरी ३६ सेंटिमीटर, प्रत्येक सेंटिमीटरला २.४ टाके, म्हणजे ८६ टाके. कफ अंगाबरोबर राहायचा तर तो पायापेक्षा दहा-बारा टक्के लहान हवा, नाहीतर घसरतो. उरले ७६. दोन सुलट दोन उलट या विणीला चारच्या पटीत टाके लागतात, ७६ ला चारने भाग जातो. त्यात शिवणीसाठी दोन मिळवले, झाले ७८. ओळ दोन सुलट टाक्यांनी सुरू होते, दोन सुलट टाक्यांनी संपते आणि दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीत गेला की उरलेले दोन एकमेकांशेजारी बसतात. शिवण शोधूनही सापडत नाही. हा हिशेब जुळला त्या रात्री लेखिकेला जो आनंद झाला, तो कफ पुरा झाल्यावरही झाला नाही.

डावा पाय बधिर होण्याला आणखी एक कारण होतं. तिने टाके घालताना दोरा आवळून घातला होता. नवा हात भीतीने दोरा घट्ट धरतो, त्याला वाटतं टाका सुटेल. त्यामुळे कफाचं अंग ताणलं जात होतं, पण कड ताणत नव्हती. तो टाचेवरून चढवतानाच तिला जोर करावा लागला होता आणि तिने तो केला. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. कफ पावलातून वर जातो, म्हणून टाच आणि पावलाचा चढ धरून घेर मोजावा, कड ताणून तेवढी होते का हे विणकाम सुरू असतानाच पाहावं. उपाय साधा आहे. टाके घालताना दोन सुया एकत्र धराव्यात, दोन्हींवर मिळून टाके घालावेत आणि मग एक सुई हलकेच ओढून काढावी. शेवटी टाके बंद करतानाही एक माप जाड सुई घ्यावी आणि विणीप्रमाणेच बंद करावेत, म्हणजे सुलटावर सुलट, उलटावर उलट. पायाला मुंग्या आल्या, बोटं गार पडली तर कफ लगेच उतरवावा. चढावर पोटरी फुगते, घरात बसून बरोबर वाटलेला कफ तिथे आवळतो.

आणि उजवा कफ? टाके तितकेच, लोकर तीच, पण तो बराच सैल भरला. पहिला कफ विणता विणता हात सैलावला होता. लांबीतही फरक पडला, कारण तिने ओळी मोजल्याच नव्हत्या. मनगट, बाही, मोजा, जे जोडीने येतं ते शक्य तर एकाच सुईवर, दोन गुंड्यांनी, शेजारी शेजारी विणावं. हात घट्ट असेल तर दोन्हीकडे घट्ट, सैल असेल तर दोन्हीकडे सैल. ते जड वाटलं तर निदान वहीत ओळी मांडाव्यात, दर दहा ओळींना एक रेघ.

नवशिक्याचा आणखी एक ठरलेला घोटाळा सांगायला हवा. सुलटावरून उलटाकडे जाताना दोरा दोन सुयांच्या मधून पुढे आणायचा असतो. तो सुईवरूनच पुढे आला की एक वेढा जास्त पडतो आणि पुढच्या ओळीत तो टाका होऊन बसतो. लेखिकेचे ६० टाके तीन ओळींत ६४ झाले होते आणि तिला ते दहा ओळींनंतर कळले. दहाही ओळी उसवाव्या लागल्या. पहिल्या वीस ओळी तरी प्रत्येक ओळीच्या शेवटी टाके मोजावेत. लोकर फिक्या रंगाची घ्यावी, काळी किंवा गडद निळी नको, दिव्याखाली तिच्यातले टाके दिसत नाहीत. टाका सुटून शिडीसारखा खाली गेला तर घाबरून सुई ओढू नये. क्रोशाची सुई घालून एकेक पायरी वर आणता येते.

कुसळांचा प्रश्न मात्र सुईचा नव्हता.

लेखिका दगडावर बसून कुसळं उपटत असताना मेंढ्यांचा कळप आला. भाताची कापणी उरकली की घाटावरचे धनगर कळप घेऊन खाली कोकणात उतरतात, मोकळ्या शेतांत मेंढ्या बसवतात. कळपामागून येणाऱ्या एका म्हातारीने ते कफ हातात घेतले, बोटांत चुरून पाहिले. म्हणाली, "ही मेंढराची न्हाई, बाय." मग कुसळांकडे बोट दाखवून, "लोकर आत घालावी, वरून कापाड गुंडाळावं. आमची मेंढरं बघ, कुसळानं येडी हुत्यात."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दुकानात ज्याला आपण लोकर म्हणतो ती बरेचदा ॲक्रेलिक असते, गुंड्याच्या कागदावर तसं छापलेलं असतं. ते वाईट नाही, स्वस्त असतं, धुवायला सोपं असतं, सरावाला उत्तम. पण खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल पोटात घेऊनही ओली लागत नाही. ॲक्रेलिक ओल पीत नाही, पाणी टाक्यांच्या मधे साठतं आणि पाय गार पडतात. शिवाय ते वितळतं. शेकोटीजवळ ॲक्रेलिकचे कफ घालून बसू नये, त्यावर गरम इस्त्री फिरवू नये. शंका असेल तर दोऱ्याचा तुकडा चिमट्यात धरून पेटवावा: खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटात चुरते, ॲक्रेलिकचा कडक मणी बनतो. म्हातारीच्या मेंढ्यांची दख्खनी लोकर राठ असते. तिची घोंगडी होतात, पायाला लावायचे कफ नव्हेत. विणायला मऊ लोकर वेगळी घ्यावी लागते.

आणि कुसळ. डोळ्यातल्या कुसळाची म्हण आपण सगळेच वापरतो, पण ते पायात शिरतं कसं हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. कुसळी गवताच्या बीला टोकाशी अणकुची असते, तिच्यावर मागे वळलेले बारीक केस असतात आणि मागे लांब शेपूट. हवा दमट झाली की पीळ पडलेलं ते शेपूट उलगडतं, कोरडी झाली की पुन्हा पिळतं. त्या फिरण्याने बी मळसूत्रासारखं जमिनीत उतरतं. अशा बियांची ही यंत्रणा चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने १८७६ साली शोधनिबंधात मांडली. जमिनीच्या जागी लोकर आली की बी तिच्यात तसंच उतरतं. सकाळी दव आणि नंतर ऊन, म्हणजे कार्तिकातली वैशाखऱ्याची हवा याला अगदी सोयीची.

म्हणून सह्याद्रीत लोकरीचे कफ उघडे घालू नयेत. पावसाळा संपल्यापासून गवत जळून किंवा कापून जाईपर्यंत त्यांच्यावर घट्ट विणीच्या कापडाचं वेष्टण हवं. ट्रेकर वापरतात ते गेटर चालतात, जुन्या छत्रीचं कापड शिवून घेतलं तरी चालतं. कुसळ रुतलंच तर शेपटाकडून ओढू नये, केस उलटे असल्यामुळे ते लोकर फाडतं. कफ उलटा करावा, आतून टोक शोधावं आणि पुढच्या बाजूनेच बाहेर काढावं. लेखिकेने त्या दिवशी शेपटं ओढली आणि तिच्या हातात दोऱ्याचे तुकडे आले.

पहिली जोडी तिने उसवली. जिथे दोरा तुटला होता तिथे गाठी पडल्या, त्या लपवता आल्या नाहीत. मग तिने १०० ग्रॅम खरी, मऊ लोकर आणली, तुकडा विणला, धुतला, वाळवला, मोजला. ७८ टाके, दोन सुलट दोन उलट. बुटात जाणारा खालचा भाग पातळ ठेवला, कारण तिथे जाड वीण आली की घोटा दाबतो. वरचा दुमडायचा भाग जरा भरीव केला. जोडी एकाच सुईवर झाली आणि दोन्ही कफ ३२ सेंटिमीटरला एखाद्या रेघेने इकडेतिकडे भरले.

पौषातल्या एका पहाटे ती पुन्हा वैशाखऱ्याला उतरली. लोकर आत, छत्रीचं काळं कापड वर. सातवाहनांच्या काळापासून व्यापारी ज्या खिंडीने कल्याणहून जुन्नरला गेले, तिच्या पायऱ्या चढून ती राणी नागनिकेचा लेख असलेल्या गुहेत पोहोचली. आत भन्नाट गार वारा होता. तिने कापड सोडून झटकलं. त्यातून मूठभर कुसळं खाली पडली. कफावर एकच होतं, दुमडीच्या कडेला, आणि त्याचं टोक तिने आतल्या बाजूने शोधून काढलं.