गाई-म्हशी गाभ टाकतात : आधी तपासणी, मग निर्णय



देवळाली कॅम्प परिसरातील भगूर, लहवित, नानेगाव, संसरी या गावांत शेतीबरोबर दोन-चार संकरित गाई किंवा म्हशी बाळगणारी अनेक कुटुंबे आहेत. अशा घरची सात महिन्यांची गाभण गाय एका रात्रीत गाभ टाकते. वासरू जाते, वार पडत नाही, दूध बुडते आणि पुढे गाय वारंवार उलटते. मग कोणी नजर लागली म्हणतो, कोणी उष्णता झाली म्हणतो. दुसऱ्यांदा तसेच घडले की गाय बाजारात विकली जाते. पण कारण विकले जात नाही. ते गोठ्यात राहते, किंवा गाईबरोबर दुसऱ्याच्या गोठ्यात जाते. म्हणून तपासणीआधी औषधही नको आणि विक्रीही नको.

कितव्या महिन्यात गाभ टाकला?

तपासणीची सुरुवात तुमच्या वहीपासून होते. रेतनाची तारीख लिहिलेली असेल, तर गर्भाचे वय कळते आणि वयावरून कारणाची दिशा मिळते.

१) पहिल्या तीन-चार महिन्यांत गर्भ जात असेल आणि गाय पुन्हा माजावर येत असेल, तर नैसर्गिक रेतनाच्या वळूकडे पाहावे. ट्रायकोमोनियासिस आणि कॅम्पिलोबॅक्टर हे रोग वळूमार्फत पसरतात.

२) पाचव्या महिन्यानंतर गाभ टाकल्यास प्रथम सांसर्गिक गर्भपाताचा, म्हणजे ब्रुसेलोसिसचा संशय घ्यावा. आयबीआर व निओस्पोरा हेही गर्भकाळाच्या मधल्या व शेवटच्या टप्प्यात गर्भपात घडवितात. निओस्पोराचा प्रसार कुत्र्यांच्या विष्ठेतून होतो आणि त्यात एकच गाय पुन्हा गाभ टाकू शकते.

३) गोचीड ताप, बुरशी लागलेला चारा, पोटाला मार किंवा गाभण गाईला चुकून केलेले रेतन यांमुळेही गर्भ जातो.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ब्रुसेलोसिस झालेली गाय बहुधा एकदाच गाभ टाकते. पुढचे वेत पूर्ण दिवसांचे होते आणि पशुपालक निर्धास्त होतो. मात्र तिच्या दुधातून आणि विताना पडणाऱ्या स्रावातून जंतू बाहेर पडतच राहतात. आज ही गाय, पुढच्या वर्षी शेजारची, असे होत असेल तर हा रोग गोठ्यात आहे असे समजून तपासणी करावी.

नमुने कसे द्यावेत?

गाभ टाकल्याबरोबर, शक्यतो त्याच दिवशी, पशुवैद्यकांना बोलवावे. गर्भ आणि वार फेकू नये, उघड्या हातांनी उचलू नये. हातमोजे घालून दुहेरी प्लास्टिक पिशवीत बांधून थंड जागी ठेवावे. गर्भाच्या जठरातील द्रव आणि वारेचा तुकडा हे जंतू शोधण्यासाठी उत्तम नमुने होत. गाईचे रक्त दोनदा द्यावे, एकदा लगेच आणि पुन्हा दोन ते तीन आठवड्यांनी. सुरुवातीला रक्तात प्रतिपिंडे कमी असतात. त्यामुळे एकाच तपासणीत 'दोष नाही' आल्याने गाय निर्दोष ठरत नाही. नमुने पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभागात तपासले जातात. ते पशुवैद्यकांमार्फत पाठवावेत.

नमुने घेतल्यावर उरलेला गर्भ, वार व ओला पेंढा खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा. कुत्र्यांना खाऊ देऊ नये.

मुख्य चाचण्या

दूध वलय चाचणी : ही पूर्ण गोठ्यासाठी सोपी चाचणी आहे. एकत्रित दुधात रंगीत द्रव मिसळून एक तास ऊब देतात. वर आलेल्या सायीच्या थराला निळे वलय आले, तर संशय पक्का करून प्रत्येक जनावराचे रक्त तपासावे. चीक किंवा स्तनदाहाचे दूध दिल्यास निष्कर्ष चुकतो.

रोझ बंगाल चाचणी : रक्तजलाचा आणि गुलाबी द्रवाचा थेंब पट्टीवर मिसळतात. चार मिनिटांत गुठळ्या दिसल्या तर जनावर दोषी धरून एलायझा चाचणीने खात्री करतात. कालवडीला लस दिली असल्यास तसे आधीच सांगावे.

अहवाल आल्यावर

ब्रुसेलोसिसवर जनावरांत खात्रीचा उपचार नाही. दोषी जनावर वेगळे बांधावे, त्याचे वेत स्वतंत्र जागी करावे, जागा जंतुनाशकाने धुवावी. ते दुसऱ्याच्या गोठ्यात विकू नये. नवे जनावर तपासणीशिवाय आणू नये.

खरा उपाय लसीचा आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीस व पारडीस आयुष्यात एकदाच लस द्यावी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात या लसीचा समावेश झाला. नर व गाभण जनावरांना ही लस देत नाहीत.

घरच्या माणसांची काळजी

माल्टा बेटावरील ब्रिटिश छावणीत सैनिकांना दीर्घ ताप येत असे. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा जंतू शोधला. १९०५ मध्ये झॅमिट यांना तो शेळ्यांमध्ये आढळला. १९०६ मध्ये छावणीत शेळीचे दूध बंद होताच सैनिकांतील ताप झपाट्याने ओसरला. आपल्या परिसरातही छावणी आहे आणि दूध घरोघर जाते, म्हणून हा धडा आपल्यालाही लागू आहे. दूध उकळूनच प्यावे.

गाईची वार हाताने ओढू नये. गरोदर स्त्रियांनी गाभ टाकलेल्या जनावराजवळ जाऊ नये. वरचेवर ताप, रात्री घाम आणि सांधेदुखी असल्यास डॉक्टरांना आपल्या गोठ्याविषयी सांगावे. स्त्रीचा गर्भ वारंवार जाण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांची तपासणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच व्हावी. मात्र गोठ्यात गर्भपात होत असतील, तर तीही माहिती त्यांना द्यावी. त्या बाईला घरात दोष देऊ नये. गाईला नजर लागत नाही, तशी बाईलाही लागत नाही.

थोडक्यात, तारीख लिहा, नमुना द्या, रक्त दोनदा तपासा आणि कालवडींना वेळेवर लस द्या.