पाडवा, लोसार आणि साठ वर्षांचं चक्र



उज्जैनमधल्या मराठी घरात वाढलेल्या माणसाला एक प्रश्न लहानपणापासून ऐकावा लागतो. रंगपंचमीला माळव्यात होळीपेक्षा जास्त धमाल असते. त्या दिवशी शेजारचे काका म्हणतात, आज चैत्र कृष्ण पंचमी. आपली आजी म्हणते, छे, फाल्गुन वद्य पंचमी. रंग एकच, गल्ली एकच, महिने मात्र दोन! लहानपणी मला वाटायचं, आपण बाहेरून आलेले, म्हणून आपलंच पंचांग चुकीचं असणार. पुढे अभ्यास करताना याचं उत्तर सापडलं, आणि ते शोधता शोधता मी थेट तिबेटपर्यंत पोहोचलो.

महिना कुठे संपतो?

उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. पहिल्याला पूर्णिमान्त म्हणतात, दुसऱ्याला अमान्त. शुक्ल पक्षात दोघांचं नाव जुळतं, वद्य पक्षात शेजारी एक महिना पुढे असतात. म्हणून पाडव्याला आपला चैत्र सुरू होतो, तेव्हा त्यांचा चैत्र निम्मा संपलेला असतो. आकाशातला चंद्र एकच आहे. फरक फक्त महिन्याची रेघ कुठे मारायची एवढाच. शिंद्यांच्या काळापासून माळव्यात राहिलेल्या मराठी कुटुंबांनी गाव बदललं, बोलीत हिंदी शब्द घेतले, पण ही रेघ बदलली नाही.

तिथी म्हणजे काय?

सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी पूर्ण होते. अशा ३० तिथींचा एक चांद्रमास. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. २०२६ चा पाडवाच घ्या. १९ मार्चला उज्जैनमध्ये सूर्य उगवला तेव्हा अमावास्याच चालू होती. थोड्या वेळाने प्रतिपदा लागली आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या आधीच संपली. कुठल्याच सूर्योदयाला ती सापडली नाही, म्हणून तिला क्षय तिथी म्हणतात. पाडवा अर्थात १९ तारखेलाच झाला.

मग सूर्योदय कुठला धरायचा? जुन्या भारतीय ज्योतिषात मुख्य रेखावृत्त उज्जैनवरूनच जात असे. आजच्या भारतीय प्रमाणवेळेपेक्षा उज्जैनची स्थानिक वेळ सुमारे २७ मिनिटं मागे आहे. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात इथे वेधशाळा बांधली. माधवराव शिंद्यांच्या काळात, १९२३ मध्ये तिची दुरुस्ती झाली. तिथल्या सम्राट यंत्राची सावली बघितली की आपलं घड्याळ किती ‘पुढे’ आहे ते कळतं.

तिबेटची गणना

आता तिबेटकडे वळू. तिबेटी नववर्षाला लोसार म्हणतात. २०२६ मध्ये लोसार १८ फेब्रुवारीला आला, म्हणजे पाडव्याच्या एक महिना आधी. तिबेटी महिनाही आपल्यासारखाच अमान्त, तिथी तशाच तीस, आणि त्यांच्याकडेही तिथीचा क्षय आणि वृद्धी होते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून अधिक महिना त्यांनाही घ्यावा लागतो. आपण सूर्याची संक्रान्त ज्या महिन्यात येत नाही तो अधिक मानतो. ते ६५ सौर महिन्यांना ६७ चांद्र महिने असा हिशेब धरतात.

हे सारखेपण योगायोगाचं नाही. कालचक्र परंपरेचं गणित अकराव्या शतकात भारतातून तिबेटात गेलं. तिबेटी भाषेत भारत म्हणजे ग्यागर आणि चीन म्हणजे ग्यानाग. त्यावरून भारताकडून आलेल्या गणनेला कर्त्सी आणि चीनकडून आलेल्या गणनेला नाक्त्सी म्हणतात. बारा प्राणी आणि पाच तत्त्वं चीनकडची, ग्रहगणित आपल्याकडचं.

सगळ्यात गंमत साठ वर्षांच्या चक्राची आहे. तिबेटात त्याला रबजुंग म्हणतात. हा शब्द म्हणजे आपल्या ‘प्रभव’ या पहिल्या संवत्सराच्या नावाचं भाषांतर! त्यांचं पहिलं चक्र इ. स. १०२७ मध्ये सुरू झालं, सध्याचं सतरावं १९८७ मध्ये. आणि १९८७ च्या पाडव्याला आजीच्या पंचांगातही प्रभव संवत्सरच लागलं होतं. २०२६ हे दोन्हीकडे चाळिसावं वर्ष: आपलं पराभव, त्यांचं अग्नी-अश्व. शेजारच्या काकांच्या उत्तर भारतीय पंचांगात मात्र संवत्सराचं नाव वेगळं असतं. म्हणजे या बाबतीत आजीचं पंचांग काकांपेक्षा ल्हासाला जवळचं निघालं!

औषध आणि गणित एका घरात

मेन म्हणजे औषध, त्सी म्हणजे गणना, खांग म्हणजे घर. मेन-त्सी-खांग ही संस्था १९१६ मध्ये ल्हासात स्थापन झाली आणि निर्वासितांबरोबर येऊन १९६१ मध्ये धरमशाळेत पुन्हा उभी राहिली. आजही ती औषधं बनवते आणि पंचांगही काढते. तिबेटी वैद्यकात लुंग, टिपा, बेकेन हे तीन दोष आहेत. आपले वात, पित्त, कफ. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’चं तिबेटी भाषांतर अकराव्या शतकातच झालं होतं. हिरडा, बेहडा, आवळा तिथेही आहेतच. २०१० मध्ये भारताने या सोवा-रिग्पा पद्धतीला कायद्याने मान्यता दिली.

सणातही हे दिसतं. आपण पाडव्याला कडुलिंब खातो. ते लोसारच्या आधी, वर्षाच्या शेवटच्या महिन्यात २९ तारखेला गुथुक नावाचं सूप पितात. त्यातल्या पिठाच्या गोळ्यात मिरची निघाली तर तुम्ही बडबडे, कोळसा निघाला तर काळ्या मनाचे!

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ग्रहणाची वेळ गणिताने सांगता येते, ती पडताळताही येते. लग्न टिकेल की नाही, आजार बरा होईल की नाही, हे ग्रहांवरून सांगणं तसं पडताळून सिद्ध झालेलं नाही. आजारी माणसाने मुहूर्तासाठी थांबू नये. पण म्हणून पंचांगच टाकून द्यायचं कारण नाही. आपल्या कॉलेजला ईस्टरची सुट्टी दर वर्षी वेगळ्या तारखेला का येते? तिथेही चंद्रच आहे: २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार.

१९७२ पासून गोंदिया जिल्ह्यात नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. देश सुटलेली ती माणसं महाराष्ट्रात लोसार मोजतात, आणि आम्ही उज्जैनमध्ये फाल्गुन वद्य मोजतो. गाव सुटलं तरी दिवस मोजायची रीत माणूस बरोबर नेतो. आणि ती रीत उलगडून बघितली की त्यात शेजाऱ्याचं काहीतरी सापडतंच. तेव्हा पुढच्या रंगपंचमीला महिन्यावरून भांडण नको.

करून पाहा

तुमच्या जन्मवर्षातून १९८६ वजा करा. जन्म पाडव्याच्या आधीचा असेल तर आणखी एक वजा करा. आलेला आकडा म्हणजे तुमच्या संवत्सराचा क्रमांक. २००६ च्या पाडव्यानंतर जन्मलेल्यांचा विसावा: व्यय. तिबेटी मोजणीत तुम्ही अग्नी-श्वान. आता घरच्या पंचांगात स्वतःचं नाव शोधा, आणि ते आजीला विचारून पडताळा.