दीर्घ प्रतीक्षेनंतर ट्रॅक्टर ताब्यात घेताना

पाडव्यास ट्रॅक्टर मिळेल असे विक्रेत्याने सांगितले होते. पाडवा गेला, उन्हाळी नांगरटीचे दिवस सरत आले आणि मग एके दिवशी ट्रॅक्टर आल्याचा निरोप येतो. अशा वेळी शेतकऱ्यास धीर निघत नाही आणि याच घाईत पुष्कळ नुकसान होते. १९६० व १९७० च्या दशकांत ट्रॅक्टर दुर्मीळ असल्याने मिळेल तो मुकाट्याने घ्यावा लागे. आज तशी स्थिती राहिलेली नाही.

प्रथम पैशाचा विचार करावयास पाहिजे. बँकेने कर्जाची रक्कम विक्रेत्याच्या खात्यात भरली, की त्या दिवसापासून व्याज सुरू होते. यंत्र शेतात आले की नाही, हे व्याज पाहत नाही. समजा कर्ज सहा लाखांचे व दर दहा टक्के असला, तर दोन महिन्यांचे दहा हजार रुपये फुकट जातात. सबब ट्रॅक्टर विक्रेत्याच्या आवारात प्रत्यक्ष पाहून त्याचे चेसिस व इंजिन क्रमांक टिपून घेतल्यानंतरच रक्कम द्यावी, असे बँकेस लेखी कळवावे. जुने दरपत्रकही बदलून घ्यावे. शेतीच्या ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला आहे. महाडीबीटीवरून अनुदान घेणाऱ्यांनी पूर्वसंमतीपूर्वीच्या तारखेचे बिल करू नये, आणि विलंबामुळे पूर्वसंमतीची मुदत टळत असल्यास कृषी कार्यालयास वेळीच कळवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट शेतकऱ्यांच्या ध्यानात आणून द्यावी.

आता यंत्राकडे वळू. उशिरा मिळालेला ट्रॅक्टर नुकताच तयार झालेला असेलच असे नाही. तो कोठेतरी उघड्यावर पावसाळा काढून आलेला असू शकतो. उत्पादनाचा महिना व वर्ष पाहावे, कारण ते नोंदणी प्रमाणपत्रावर येते व पुढे विकताना किंमत त्यावरून ठरते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे. उभ्या धुराड्यावर झाकण नसेल तर पाणी इंजिनात उतरते. तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास यंत्र सुरूही करू देऊ नये. बॅटरी पडून राहिल्याने दुर्बल होते, क्लचची प्लेट गंजून चिकटते, आणि उंदीर तर वायरी कुरतडण्यास टपलेलेच असतात. इंजिन थंड असताना स्वतः सुरू करावे, अवजार जोडून हायड्रॉलिकने उचलून पाहावे व तासमापकावरील आकडा लिहून घ्यावा. हे सारे मुहूर्ताच्या आदल्या दिवशी उरकावे. मुहूर्ताच्या गर्दीत कोणी नीट दाखवीत नाही.

दोष आढळल्यास ‘पहिल्या सर्व्हिसला करून देऊ’ या आश्वासनावर सही करू नये. दोष ताबापावतीवर लिहून विक्रेत्याची सही घ्यावी व दुरुस्तीनंतरच ट्रॅक्टर घरी आणावा. तोवर राहिलेली नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने करून घ्यावी.