मर्सिडीज घेतोस तर ऐक

लेकरा, जुनी का होईना पण मर्सिडीज दारात उभी करायची, असं तुझ्या मनानं घेतलंय म्हणे. घे की! मराठवाड्याला ही हौस नवी नाही. २०१०च्या ऑक्टोबरात बीडशेजारच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज खरेदी केल्या होत्या, साधारण ६५ कोटींच्या. त्या काळच्या गाड्यांची आता १५ वर्षं भरली. तेव्हा ४० लाखांच्या पुढं असलेली ई-क्लास आज साध्या नव्या गाडीच्या पैशात मिळते. पण मामाचं एक वाक्य गाठीला बांध : गाडीचा भाव उतरतो, पार्टचा उतरत नाही. बाकीचं सगळं त्याच्याच पोटात आलं.

१. ठरलेल्या किमतीच्या चौथ्या हिश्श्याएवढी रक्कम वेगळी काढून मगच बोलणी कर – ती हाताशी नसली की माणूस दुरुस्ती पुढं ढकलतो, आणि हजाराची गळती लाखाचं इंजिन खाते.

२. गाडी बघायला सकाळी जा आणि आधी बोनेटवर हात ठेवून इंजिन गार आहे ना ते बघ – आधीच चालू करून ठेवलेली असली तर टायमिंग चेनची खडखड आणि पहिला निळा धूर दोन्ही लपतात. रंग बघावा उन्हात, इंजिन ऐकावं गारठ्यात.

३. किलोमीटरच्या आकड्यावर भाळू नकोस. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचं कातडं आणि ड्रायव्हरच्या सीटची कड बघ – मीटर मागं फिरवता येतं, झिजलेलं रबर नाही.

४. मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि चासी नंबरवरून जुन्या सर्व्हिसची नोंद काढायला लाव. तिथंच विचार, कंपनीनं परत बोलावलेलं एखादं काम राहिलंय का – ताकाता कंपनीच्या एअरबॅगसाठी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी सगळ्यांनी जगभर गाड्या परत बोलावल्या होत्या. वर्षानुवर्षं उष्ण, दमट हवेत राहून त्यातलं रसायन बिघडतं आणि बॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात.

५. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढ, मॅटखाली हात घाल, गाळाचा माग किंवा कुबट वास येतो का बघ – चेन्नईत २०१५ला, सांगली-कोल्हापुरात २०१९ला पूर आला आणि अशा पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून लांबच्या गावात खपवल्या जातात. आपला जिल्हा दुष्काळी, त्यामुळं इथं पुराची शंका कुणाच्या डोक्यातच येत नाही. मर्सिडीजचं वायरिंग बरंचसं गालिच्याखालून जातं. एकदा पाणी लागलं की रोज नवा दिवा पेटतो.

६. चाचणीला भर दुपारी, एसी चालू ठेवून मांजरसुंब्याचा घाट चढव – सपाट रस्त्यावर कुठलीही गाडी गुणाचीच असते. टेम्परेचरचा काटा मध्यावरून हलायला नको.

७. खाली आल्यावर इंजिन पूर्ण गार होऊ दे, मग कूलंटच्या डब्यात डोकाव. रंगीत, स्वच्छ कूलंट दिसलं तर बरं. नुसतं पाणी किंवा गंजाची लाली दिसली तर पाऊल मागं घे – आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड, त्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात आणि बीडच्या मे महिन्यात हेड गॅस्केट जातं. पुढंही कूलंटमध्ये मिसळायचं तर डिस्टिल्ड वॉटरच मिसळ. पंपाचं, थर्मोस्टॅटचं प्लास्टिक या वयात ठिसूळ झालेलं असतं, ते फुटायच्या आधीच बदल.

८. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल शेवटचं कधी बदललं ते बिलावर बघ, "त्याला आयुष्यभर हात लावायचा नसतो" हे ऐकून घेऊ नकोस – ते ऑईलही जुनं होतं, आणि गिअर टाकताना धक्का बसू लागला की खर्च गाडीच्या किमतीकडं बघत नाही.

९. गाडी रॅम्पवर चढवून चेंबर, बुश आणि लोअर आर्म बघ – गावोगावच्या गतिरोधकांवर या बुटक्या गाड्यांचं पोट घासतं. एअर सस्पेन्शनवाली असेल तर रात्रभर उभी ठेवायला सांग. सकाळी एक कोपरा खाली बसलेला दिसला तर हवा गळतेय.

१०. टायरवरचे चार आकडे वाच; ३२१९ म्हणजे २०१९चा ३२वा आठवडा – नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांवरचं रबर आपल्या उन्हाला टिकत नाही.

११. किल्ल्या दोन्ही माग – दुसरी करून घ्यायला खिसा रिकामा होतो.

१२. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑईल, सगळे फिल्टर, ब्रेक ऑईल आणि पट्टा बदल, बॅटरी तपासून घे – मालक "परवाच बदललंय" म्हणाला तरी बदल. बिल नसलेली सर्व्हिस झालेली नसते.

१३. सातबारावरचा बोजा बघतोस तसा आरसीवरचा बघ. कर्ज फिटलेलं असलं तरी बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ हातात घे, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घे, गाडी एमएच २३ ची नसेल तर एनओसीचं विचार – कागद कच्चा, तर गाडी परक्याची. १५ वर्षं भरली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण मालकाकडूनच करून घे. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यावर तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडं येतात. त्यांच्यावर महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो, तो किमतीत धरूनच बोल.

१४. विमा १४ दिवसांच्या आत तुझ्या नावावर करायला दे – जुन्या मालकाची नो क्लेम सवलत त्याच्याबरोबर जाते, त्यामुळं हप्ता थोडा वाढेल. तेवढा आधीच हिशेबात धर.