संगणक आला, पण माल कुठे आहे?

कापडाच्या धंद्यात माल एका जागी थांबत नाही. सूत तामिळनाडूच्या गिरणीतून निघते, सायझिंगला जाते, तेथून बीम भरून मालेगाव किंवा भिवंडीच्या यंत्रमागावर चढते. ग्रे कापड फोल्डिंग होऊन पाली-बालोतऱ्याला रंगाई-छपाईसाठी जाते आणि तयार ताके पुन्हा आपल्या गोदामात येतात. या प्रवासात सहा-सात हात लागतात. प्रत्येक हाताची वही वेगळी, भाषा वेगळी आणि हिशेबाची पद्धतही वेगळी. मालक मात्र गादीवर बसून फोनवर एकच प्रश्न विचारत असतो, "माल कुठपर्यंत आला?"

या प्रश्नाचे उत्तर संगणक देईल, अशी आशा आज लहान-मोठे सारेच व्यापारी बाळगून आहेत. आशा गैर नाही. पण संगणक विकत घेणे वेगळे आणि धंदा संगणकावर नेणे वेगळे, हा आमचा तजुर्बा आहे. तो वाचकांसमोर ठेवावा, म्हणून हा लेख.

मोठ्यांच्या चुका

आधी मोठ्या कंपन्यांचे पाहू. अमेरिकेच्या 'टार्गेट' या दुकानांच्या साखळीने २०१३ साली कॅनडात पाऊल टाकले आणि थोड्याच अवधीत १३३ दुकाने उघडली. नवी संगणक प्रणाली बसविली, पण तिच्यात मालाची माहिती घाईघाईने भरली गेली. कुठे इंच तर कुठे सेंटिमीटर, कुठे लांबीच्या जागी रुंदी. परिणाम असा झाला की गोदामे मालाने तुडुंब आणि दुकानातील फळ्या रिकाम्या. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने कॅनडातून काढता पाय घेत असल्याचे जाहीर केले. तोट्याची कारणे आणखीही होती, पण चुकीची माहिती हे त्यातले मोठे कारण होते.

दुसरे उदाहरण जर्मनीच्या 'लिडल'चे. या कंपनीचा शिरस्ता असा की गोदामातील मालाची किंमत खरेदीच्या दराने धरायची. नव्या प्रणालीची रीत विक्रीच्या दराने धरण्याची. कंपनी आपला शिरस्ता सोडेना, म्हणून प्रणालीलाच ठिकठिकाणी ठिगळे लावत गेली. सुमारे सात वर्षे आणि सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्यावर २०१८ साली ते काम बंद करावे लागले.

दोन्ही ठिकाणी पैसा कमी नव्हता, तज्ज्ञही कमी नव्हते. पहिल्याने माहिती न तपासता कामाला सुरुवात केली आणि दुसऱ्याने कामाची रीत कोणती ठेवायची हे आधी ठरविले नाही.

आमच्याच गादीवर काय झाले

दुसऱ्यांना नावे ठेवणे सोपे असते. २०१९ साली आम्हीही एक प्रणाली घेतली. घरातील शिकलेल्या मुलाने सारा साठा चार दिवसांत संगणकात भरला. बावीस वर्षे आमची वही सांभाळणाऱ्या मुनीमजींना आम्ही सांगितले, "आता तुम्ही आराम करा." ते काही बोलले नाहीत.

तिसऱ्या महिन्यात बाहेरगावच्या एका जुन्या गिऱ्हाईकाने हंगामासाठी कॅम्ब्रिक मागितले. पडद्यावर ४१२ ताके दिसत होते. आम्ही ४०० ताक्यांची जबान दिली. गोदाम उघडले तेव्हा हवे ते ताके निघाले २३०! बाकीचे ४४ इंच पन्ह्याचे होते आणि गिऱ्हाईकाला ५८ इंच हवे होते. आमच्या गोदामात दोन्हींना 'कॅम्ब्रिक'च म्हणत, संगणकातही तेच नाव गेले. बाजारातून चढ्या भावाने माल उचलून शब्द पाळला, पण तोही आठ दिवस उशिरा. गिऱ्हाईकाने माल घेतला. पुढच्या हंगामात मात्र त्याचा फोन आला नाही.

त्या रात्री मुनीमजींनी पेटीतून आपली वही काढली. ते गुपचूप लिहीतच होते. तीत पन्ह्यासह प्रत्येक ताका बरोबर होता. "सेठ, मला कुणी विचारलेच नाही," एवढेच ते म्हणाले. आमच्याकडे जवाब नव्हता. दुसऱ्या दिवसापासून संगणकात काय जावे हे ठरविण्याचे काम त्यांच्याकडे दिले. बोटे मुलाची, नजर मुनीमजींची.

मग आम्ही काय बदलले

१. एका मालाला एकच नाव. सुताचा काउंट, रीड-पिक आणि पन्हा मिळून एक क्रमांक ठरविला. पन्हा इंचात आणि लांबी मीटरात, दुसरे माप चालणार नाही. मग गोदाम दोन दिवस बंद ठेवून प्रत्येक ताका हाताने मोजला आणि त्यानंतरच आकडे भरले.

२. नोंद जागच्या जागी. पूर्वी दिवसभराची चलने संध्याकाळी आठवून लिहिली जात. आता फोल्डिंगच्या टेबलावर ताका मोजला की तिथेच बारकोडची चिठ्ठी लागते. यंत्रमागवाला मोबाइलवर चलनाचा फोटो पाठवतो. त्याच्याकडून याहून अधिक मागू नये, त्याला मागाकडेही पाहायचे असते.

३. लहान सुरुवात. सारा धंदा एकदम न हलवता एक क्वालिटी आणि एकच प्रोसेस हाऊस घेतले. तीन महिने वही आणि संगणक बरोबर चालविले. दर शनिवारी दोन्हींचा मेळ घेतला. सलग चार आठवडे फरक निघाला नाही, तेव्हा त्या मालाची वही मिटली. दोन्ही कायमचे चालू ठेवले तर खरे कोणते हे कुणालाच कळत नाही.

४. कायद्याच्या तारखा संगणकाकडे. जुलै २०१७ पासून जीएसटी आहे. जॉबवर्कला पाठविलेला कच्चा माल एक वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाही तर पाठविल्या दिवशीच तो विकला असे धरले जाते. दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला माल पाठविताना त्याची किंमत कितीही असो, ई-वे बिल लागते. साध्या वाहतुकीसाठी या बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस असते, म्हणजे गाडी वाटेत अडकली तर मुदत वाढवून घेतली पाहिजे. या तारखा माणसाच्या डोक्यात राहत नाहीत. कोणत्या चलनाचे किती मीटर पालीला पडून आहे आणि घट किती आली, हे दर सोमवारी समोर आले की भांडणे निम्मी होतात.

५. समोरच्याचाही फायदा. हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. यंत्रमागवाला आपल्याला रोज माहिती का देईल? त्याला आमच्या पडद्यात रस नाही, त्याला मजुरी वेळेवर हवी. आम्ही ठरविले की चलनाचा फोटो आणि ताक्यांचा मेळ बसला की सातव्या दिवशी पैसे बँकेत. पहिल्याच महिन्यात फोटो न मागता येऊ लागले. २०२३ च्या वित्त कायद्याने तर सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे व्यापाऱ्याच्याच हिताचे केले. मुदत चुकली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा मिळतो. यासाठी यंत्रमागवाल्याची उद्यम नोंदणी आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

६. माहिती ही अमानत. एका कारखानदाराचा दर दुसऱ्याला दिसता कामा नये. ज्याला जेवढे काम, तेवढेच त्याला दिसावे. रोजच्या हिशेबाची एक प्रत गादीबाहेर सुरक्षित ठेवावी.

फायदा झाला हे कसे ओळखावे?

विकणारा पडद्यावर रंगीत तक्ते दाखवील. आपण तीनच आकडे पाहावेत. सूत उचलल्यापासून तयार ताका येईपर्यंत किती दिवस लागतात? दोन महिन्यांहून जुना माल गोदामात किती आहे? कबूल केलेल्या तारखेला दहापैकी किती गाठी पोहोचल्या? सुरू करण्यापूर्वी हे तिन्ही कागदावर लिहून ठेवावेत आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहावेत. आकडे हलले नसतील, तर नवी यंत्रणा घेण्यापूर्वी आपली रीत तपासावी.

आमच्याकडे सूत ते तयार ताका हे अंतर सुरुवातीला ६४ दिवसांचे होते, आज ते ४७ आहे. यंत्रमाग तेच, गाड्याही त्याच. वाचले ते दिवस माल कुणाच्या तरी दारात विसरून पडून राहण्याचे होते. मुनीमजी आता रोज येत नाहीत. शनिवारी मात्र येतात, चष्मा लावून पडद्याजवळ बसतात आणि मेळ बसल्याशिवाय उठत नाहीत.